चौऱ्याऐंशी पानांचं मॅन्युअल आणि तेवीस दिवस न आलेला ऑपरेटर

प्रश्न थोडक्यात असा आहे: “भोसरीत वडिलांनी सुरू केलेलं मशिनिंगचं युनिट आता मी बघतो. पेरोलवर ५६ माणसं, ठेकेदाराची १७. गेल्या वर्षी एका एजन्सीकडून ८४ पानांचं इंग्रजी एचआर मॅन्युअल करून घेतलं, सगळ्यांच्या सह्याही घेतल्या. आता एक सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या मशिनचा) ऑपरेटर २३ दिवस आलेला नाही. मॅन्युअलमध्ये लिहिलंय की न सांगता सलग १० दिवस गैरहजर राहिल्यास नोकरी आपोआप संपली. मग त्याचं नाव कमी केलं तर चालेल ना? आणि कायद्याच्या कचाट्यात सापडू नये म्हणून नेमकी कोणती धोरणं लेखी हवीत? व्हॉट्सॲपवर पाठवली तर चालतात का?”

आधी ऑपरेटरचं बघू. नाव कमी करू नका. निदान त्या एका वाक्याच्या जोरावर तर नाहीच.

‘आपोआप नोकरी संपली’ हे कलम आपल्याकडच्या कारखान्यांत वर्षानुवर्षं चालत आलंय आणि कोर्टात ते वर्षानुवर्षं पडतंय. डी. के. यादव विरुद्ध जे. एम. ए. इंडस्ट्रीज या १९९३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयापुढे हाच मुद्दा होता. तिथे तर साधं मॅन्युअल नव्हतं, प्रमाणित स्थायी आदेश होते, म्हणजे कारखान्यातल्या नोकरीचे आणि शिस्तीचे, सरकारी अधिकाऱ्याने मंजूर केलेले नियम. त्यात ८ दिवसांपेक्षा जास्त गैरहजर राहिल्यास कामावरचा हक्क जातो असं लिहिलेलं होतं. न्यायालय म्हणालं, लिहिलेलं असलं तरी माणसाला बाजू मांडायची संधी न देता त्याची रोजीरोटी काढून घेता येत नाही. कामगार निम्म्या मागील पगारासह परत कामावर आला. मंजूर झालेल्या आदेशांची ही गत, तर एजन्सीने विकलेल्या बाडाची काय असणार?

त्यामुळे आता हे करा. ऑपरेटरला ‘कामावर हजर व्हा, न येण्याचं कारण कळवा’ असं पत्र पाठवा, मराठीत, स्पीड पोस्टाने. दोन पत्त्यांवर पाठवा: भोसरीतली भाड्याची खोली आणि गावाकडचं घर. आपल्या पट्ट्यातले निम्मे ऑपरेटर लातूर, बीड, नांदेडकडचे. माणूस २३ दिवस आला नाही म्हणजे बहुतेक गावीच आहे. कुणाचं बाळंतपण, कुणाची काढणी, कुणाची कावीळ. पाकीट ‘घर बंद’ किंवा ‘पत्त्यावर राहत नाही’ असा शेरा घेऊन परत आलं तर ते फोडू नका. तसंच, न उघडलेलं, त्याच्या फाइलला लावून ठेवा. त्या बंद पाकिटाइतका चांगला साक्षीदार तुम्हाला मिळणार नाही. उत्तर आलं नाही तर दुसरं पत्र, मग आरोपपत्र, मग चौकशी, मग निर्णय. तो ईएसआयमध्ये (कर्मचारी राज्य विम्यात) असेल आणि आजारपणाची रक्कम घेत असेल, तर त्या काळात त्याला काढताच येत नाही, हेही तपासून घ्या. चौकशीला तो आलाच नाही तर एकतर्फी चालवता येते, पण त्यासाठी नोटिसा पोचवण्याचे प्रयत्न कागदावर दिसायला हवेत.

तुमच्या धोरणात लिहायला हवी होती ती ही वाट. तिसऱ्या दिवशी सुपरवायझरने फोन करायचा आणि रजिस्टरमध्ये वेळ टाकून नोंद करायची. सहाव्या दिवशी पहिलं पत्र. अकराव्या दिवशी दुसरं. पत्रावर सही कोण करणार, पोस्टाची पावती कुठे लावणार. अर्ध्या पानात बसतं. मॅन्युअलने त्याऐवजी एक जादूचं वाक्य दिलं आणि तुम्ही त्याच्यावर विसंबलात.

आता त्या मॅन्युअलकडे वळू. मी ते पाहिलेलं नाही, पण ही बाडं बावीस वर्षं बघत आलोय, त्यामुळे पहिल्या पाच मिनिटांत कुठे बोट ठेवायचं ते माहीत झालंय. रजांचं प्रकरण उघडा आणि ‘ज्युरी ड्युटी’ची रजा आहे का बघा. हसू नका. मला आजवर तीन ठिकाणी सापडली आहे, त्यातल्या एका ठिकाणी पूर्ण पगारी. आपल्याकडे १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्युरीला जागाच उरली नाही. अमेरिकन नमुना उतरवून घेताना कंपनीचं नाव तेवढं बदललेलं असतं. ज्युरीच्या रजेने कुणाचं नुकसान होत नाही, पण त्याच नमुन्यातून दोन धोकादायक कलमं सोबत येतात. एक म्हणजे ‘कंपनी कधीही, कारण न देता सेवा समाप्त करू शकते’. सरकारी कंपनीच्या अशाच कलमाला सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये ब्रोजोनाथ गांगुली प्रकरणात रद्दबातल ठरवलं. तुमचं युनिट खासगी असलं तरी कामगार न्यायालय कारण विचारणारच. दुसरं म्हणजे ‘नोकरी सोडल्यावर दोन वर्षं स्पर्धक कंपनीत जाता येणार नाही’. १८७२ च्या करार कायद्याचं कलम २७ अशा बंधनाला उभं राहू देत नाही. चाकणला दोन हजार रुपये जास्त मिळाले म्हणून गेलेल्या सेटरला (मशिन कामासाठी जुळवून देणाऱ्याला) अशी नोटीस पाठवणारे मालक मी पाहिलेत. नोटिशीचा खर्च त्यांचाच गेला.

अशी कलमं लागू होत नाहीत, तरी ती कागदावर राहतात आणि त्यांची किंमत मोजावी लागते. पुढे कधी वाद झाला की समोरचा वकील तीच आधी वाचून दाखवतो, आणि न्यायाधीशांच्या मनात तुमची ओळख तयार होते.

कोणती धोरणं लागतात हे सांगण्याआधी पायाखालची जमीन कुठे सरकली आहे ते बघा, कारण तुमच्या आकाराच्या युनिटला त्याचा थेट संबंध आहे. स्थायी आदेशांचा १९४६ चा कायदा मुळात १०० कामगारांना लागू होता, महाराष्ट्राने तो ५० वर आणला होता. म्हणजे तुमच्यासारख्या ५६ जणांच्या युनिटला, ऑफिसातले क्लार्क धरून, काही लिहिलेलं नसलं तरी सरकारने नमुना म्हणून केलेले आदर्श स्थायी आदेश लागू व्हायचे. गैरवर्तन कोणतं, शिक्षा कोणती, चौकशी कशी, सगळं तयार. २१ नोव्हेंबर २०२५ ला जुने कामगार कायदे एकत्र करून केलेल्या चार कामगार संहिता अमलात आल्या आणि औद्योगिक संबंध संहितेत हा आकडा ३०० झाला. बरेच मालक याला सुटका समजून पेढे वाटायच्या बेतात आहेत. मला उलट वाटतं. तुमच्या डोक्यावर सरकारी छत्री होती ती गेली. उद्या एखाद्याला शिस्तभंगाची शिक्षा द्यायची तर ‘कोणत्या नियमाने?’ या प्रश्नाला तुमच्याकडे तुमचाच कागद असणार, दुसरा कुठला नाही. म्हणून लेखी नियमांचं वजन तुमच्यासाठी कमी न होता वाढलंय. ज्यांच्याकडे आधीचे प्रमाणित आदेश आहेत त्यांनी ते रद्दीत घालू नयेत. तुमच्याकडे नसतील तर जुने आदर्श आदेश समोर ठेवून आपले नियम लिहा. त्यातली भाषा जुनाट आहे, पण तिच्यावर इतके निकाल झालेत की कोणत्या शब्दाचा अर्थ काय ते ठरून गेलंय. नवा, चकाचक शब्द वापरलात तर त्याचा अर्थ तुमच्या खर्चाने ठरेल.

पैशाचं प्रकरण मी नेहमी आधी तपासतो. बहुतेक युनिट्स नकळत कायदा मोडतात ती इथेच, आणि तेही स्वतःच्या सहीशिक्क्याने.

तीन लेट मार्क म्हणजे अर्धा दिवस कट. हा नियम तुमच्याकडे आहे, मी पैज लावतो. आता हिशेब करू. ऑपरेटरचा पगार १८,००० धरा. २६ दिवसांनी भागलं तर रोजचे ६९२, ताशी साधारण ८६. तीन वेळा दहा-दहा मिनिटं उशीर झाला, म्हणजे एकूण अर्धा तास. त्या अर्ध्या तासाची किंमत ४३ रुपये. तुम्ही कापले ३४६. पगार कायद्यात १९३६ पासून साधी मर्यादा आहे: गैरहजेरीची कपात गैरहजेरीच्या वेळेच्या प्रमाणातच. वेतन संहितेनेही ती ठेवली. जुना कायदा महिना २४,००० पर्यंतच्या पगारालाच लागू होता. संहितेत ती मर्यादा नाही, तेव्हा आता ऑफिस स्टाफलाही हेच. उशिराची शिस्त लावायची असेल तर वाट वेगळी आहे. महिन्यात चार लेट मार्क झाले की समज, पुन्हा झाले की लेखी ताकीद, मग गैरवर्तनाची कारवाई. पगारातून कापायचे ते त्या मिनिटांचेच.

टाइम ऑफिसजवळ एक पाटीही असेल: ‘मशिनवर मोबाईल सापडल्यास ५०० रुपये दंड’. दंड हा शब्द मालकाला वाटतो तितका मोकळा नाही. कोणत्या चुकांसाठी दंड करता येईल त्या यादीला सरकारी मंजुरी लागते, यादी कामाच्या जागी लावावी लागते, दंड करण्याआधी माणसाचं म्हणणं ऐकावं लागतं आणि महिन्याचा एकूण दंड पगाराच्या ३ टक्क्यांवर जाता कामा नये. १८,००० चे ३ टक्के म्हणजे ५४०. दुसऱ्यांदा मोबाईल सापडला की तुम्ही मर्यादेबाहेर. शिवाय जमलेला दंड तुमच्या खिशात जात नाही, तो कामगारांच्या हितासाठीच वापरायचा आणि रजिस्टरमध्ये दाखवायचा. हे सगळं सांगितलं की मालक म्हणतात, मग पाटीच काढून टाकतो. काढा. मोबाईल बंदी सुरक्षेच्या नियमात घाला आणि मोडल्यास ताकीद द्या.

ओव्हरटाइमचं तसंच. ‘जादा कामाच्या बदल्यात सुट्टी दिली जाईल’ हे आयटी कंपनीच्या मॅन्युअलमधलं वाक्य कारखान्यात चालत नाही. जादा तासाला दुप्पट दर. आणि हिशेब पूर्ण करण्याचं बघा: नमुन्यात ‘फुल अँड फायनल ४५ दिवसांत’ असं हमखास असतं. वेतन संहितेप्रमाणे राजीनामा असो, काढून टाकणं असो की नोकरकपात, देय पगार दोन कामाच्या दिवसांत द्यायचा आहे. स्टोअरमधून टूल, आयकार्ड, गणवेश जमा झाल्याची चिठ्ठी आठ दिवस फिरत राहते, ही तुमची अडचण. तेव्हा राजीनामा हातात पडला त्याच दिवशी ती चिठ्ठी फिरायला लावा, शेवटच्या दिवसाची वाट बघू नका. दोन दिवस ‘शक्य नाही’ असं मला सांगणाऱ्या एका युनिटने ही एकच गोष्ट बदलली आणि आता शेवटच्या पाळीनंतर दुसऱ्या दिवशी पैसे जमा होतात.

नेमणूकपत्र आता प्रत्येकाला द्यायचं आहे, हेल्परलासुद्धा. पगाराची फोड लिहिताना लक्षात ठेवा की भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले तर वरचा भाग ‘वेतना’त धरला जातो, आणि ग्रॅच्युइटीपासून सगळे हिशेब त्यावर होतात. ठरावीक मुदतीवर घेतलेल्या माणसाला एक वर्षानंतर ग्रॅच्युइटी लागू होते. पाच वर्षांचा जुना आकडा तुमच्या मॅन्युअलमध्ये सगळ्यांसाठी असेल, तो दुरुस्त करा.

गैरवर्तनाच्या यादीबद्दल थोडं सविस्तर बोलतो, कारण इथे मालकांचा समज नेमका उलटा असतो. त्यांना वाटतं, ‘शिस्तीला बाधक असे कोणतेही कृत्य’ असं एक वाक्य टाकलं की सगळं आलं. १९८३ च्या ग्लॅक्सो लॅबोरेटरीज प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने यादी काटेकोर वाचायची असं ठरवून टाकलं. आदेशात ‘आवारात किंवा आवाराजवळ’ असं लिहिलं होतं, घटना आवारापासून दूर घडल्या होत्या, म्हणून त्या घटना कलमात बसल्या नाहीत. जे लिहिलं नाही त्याची शिक्षा नाही. आता आजच्या काळातलं बघा. पाळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रात्री साडेअकराला एकाने सुपरवायझरच्या बायकोबद्दल घाणेरडं लिहिलं. जागा त्याची खोली, वेळ त्याची स्वतःची. तुमच्या यादीत हे बसतं का? बसावं असं वाटत असेल तर तसं लिहा: ‘कामाशी संबंधित ग्रुपवर किंवा सहकाऱ्याला उद्देशून, आवाराबाहेर वा कामाच्या वेळेबाहेरही, शिवीगाळ, धमकी किंवा अश्लील मजकूर’. दुसऱ्याचं कार्ड पंच करणं, तपासणीच्या रिपोर्टवर न मोजता आकडे टाकणं, मशिनचं गार्ड काढून चालवणं, ड्रॉइंगचा फोटो बाहेर पाठवणं ही तुमच्या धंद्यातली खरी गैरवर्तनं आहेत. एजन्सीच्या यादीत ती नसतात. तुमच्या फोरमनला तासभर बसवा, तो अर्ध्या तासात वीस सांगेल.

चौकशीच्या कलमात मात्र कमी लिहा. इथे माझीच एक चूक सांगतो. वकिली सुरू करून दोन-तीन वर्षं झाली असतील, एका युनिटसाठी मी मोठ्या हौसेने लिहिलं: ‘आरोपपत्र दिल्यापासून १५ दिवसांत चौकशी पूर्ण करण्यात येईल’. वाचायला छान वाटलं. पुढे एका चोरीच्या प्रकरणात चौकशी सात महिने चालली, कारण चौकशी अधिकारी आजारी, मग कामगाराचा प्रतिनिधी बदलला, मग दिवाळी. कोर्टात समोरच्या वकिलांनी दुसरं काही केलं नाही, माझंच वाक्य मोठ्याने वाचलं. कायद्याने मागितलं नव्हतं ते मी कबूल केलं होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. निलंबनाचा वेगळा नियम आहे, संहितेतल्या स्थायी आदेशांच्या प्रकरणातला, म्हणजे सक्ती ३०० च्या युनिटला: निलंबित कामगाराची चौकशी साधारण ९० दिवसांत संपवायची, पहिले ९० दिवस पगाराच्या निम्मा निर्वाह भत्ता आणि नंतर, उशीर त्याच्यामुळे नसेल तर, ७५ टक्के. तो जसाच्या तसा लिहा. बाकी ठिकाणी ‘शक्य तितक्या लवकर’ हे तीन शब्द तुमचे मित्र आहेत. महाराष्ट्रात १९७१ च्या अनुचित कामगार प्रथांच्या कायद्याखाली नैसर्गिक न्यायाला हरताळ फासून काढून टाकणं आणि कबूल केलेल्या कराराची अंमलबजावणी न करणं, या दोन्ही तक्रारी होतात. स्वतःच्या नियमांकडे दुर्लक्ष केलेल्या मालकाला पहिल्या तक्रारीत बचाव करायला जड जातं, आणि दुसरीत खेचण्याचा प्रयत्नही होतो.

१० माणसं झाली की लैंगिक छळ प्रतिबंधाचा २०१३ चा कायदा अंतर्गत समिती मागतो. संहिता आल्या तरी हा कायदा स्वतंत्र आहे, जसाच्या तसा. तुमच्या ८४ पानांत याची १२ पानं असतील आणि समितीच्या सदस्यांची नावं नसतील. मला उलट हवं असतं: दोन पानं आणि चार नावं, फोन नंबरांसह, लेडीज टॉयलेटच्या दाराच्या आतल्या बाजूला सुद्धा लावलेली. अध्यक्ष वरिष्ठ पदावरची बाई, किमान दोन सदस्य तुमचे, एक बाहेरची व्यक्ती, निम्म्याहून कमी बायका चालत नाहीत. तुमच्याकडे वरिष्ठ पदावर बाईच नसेल तर त्याच मालकाच्या दुसऱ्या ऑफिसातून किंवा दुसऱ्या संस्थेतून घेता येते. मालकाच्या पत्नीला अध्यक्ष करून मोकळं होण्याची पद्धत आहे, ती करू नका. कायदा नाव घेऊन मनाई करत नसला, तरी ठेकेदाराची झाडूवाली मालकिणीकडे मालकाच्या भावाची तक्रार घेऊन जाईल का, याचा विचार करा. आणि हो, ती झाडूवाली, कॅन्टीनमधली, शिकाऊ मुलगी, सगळ्या या कायद्यात येतात, पेरोलवर असोत की नसोत.

धोरणात तक्रार करायला तीन महिन्यांची मुदत लिहा आणि समिती कारण नोंदवून ती आणखी तीन महिने वाढवू शकते हेही लिहा. नमुन्यात फक्त पहिलं असतं. चौकशी ९० दिवसांत, अहवाल पुढच्या १० दिवसांत, मालकाची कारवाई ६० दिवसांत. ‘खोटी तक्रार केल्यास कामावरून काढण्यात येईल’ हे वाक्य ठळक अक्षरांत दिसलं तर खोडा. तक्रार सिद्ध झाली नाही म्हणजे ती खोटी होत नाही, असं कायद्यातच म्हटलंय. ठळक धमकीचा उपयोग एवढाच की कुणी येतच नाही, आणि मग वर्षाच्या अहवालात शून्य तक्रारी दाखवून आपण स्वतःची पाठ थोपटतो. समिती नसेल तर ५०,००० रुपये दंड आहे, पण मला दंडापेक्षा अर्धवट चौकशीची भीती जास्त वाटते. ऑरेलियानो फर्नांडिस विरुद्ध गोवा राज्य या प्रकरणात विद्यापीठाच्या समितीने सुनावण्या इतक्या घाईने उरकल्या की २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती सगळी कारवाई रद्द करून प्रकरण परत पाठवलं. २००९ च्या तक्रारी, आणि चौदा वर्षांनी पुन्हा पहिल्या पायरीवर. दोन्ही बाजूंचं आयुष्य त्यात गेलं. समितीला प्रशिक्षण द्या आणि आरोपीला कागद देऊन उत्तराला १० कामाचे दिवस द्या.

प्रसूतीबाबत लेखी काय हवं ते सोपं आहे: २६ आठवडे, आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम, आणि ही माहिती नेमणुकीच्या वेळीच लेखी द्यायची. २१,००० पर्यंतच्या पगाराच्या, ईएसआयमध्ये असलेल्या बाईचे पैसे ईएसआय देतं, वरच्यांचे तुम्ही. दिव्यांग व्यक्तींच्या २०१६ च्या कायद्याखाली समान संधी धोरण जाहीर करावं लागतं. २० वर माणसं असली की त्यात दिव्यांगांना देता येतील अशी कामं आणि एक संपर्क अधिकारी हेही लागतं. हे भोसरीत फार कमी जणांकडे असतं, आणि एका पानाचं काम आहे. औद्योगिक संबंध संहितेप्रमाणे २० कामगारांवर तक्रार निवारण समिती, दोन्ही बाजूंचे सारखे प्रतिनिधी, एकूण दहापेक्षा जास्त नाहीत, निर्णय ३० दिवसांत. ही समिती कागदावर ठेवू नका. कॅन्टीनच्या चहावरून युनियन झालेली मी पाहिली आहे.

आता लागू करण्याचं. नवे नियम सोमवारी छापले, मंगळवारी लावले, असं चालत नाही. पाळीच्या वेळा, रजा, पगाराची पद्धत, शिस्तीचे नवे नियम असे सेवाशर्तींतले बदल करायचे तर २१ दिवसांची नोटीस लागते. औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम ९-अ मध्ये ती होती, नव्या संहितेतही ठेवली आहे. गेल्या वर्षी मॅन्युअल आणताना ही नोटीस दिली नसेल, तर त्यातला जो भाग कामगाराला आधीपेक्षा कडक आहे तो मुळातच लंगडा आहे.

आणि भाषा. स्थायी आदेश इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत, प्रवेशद्वाराजवळ आणि प्रत्येक विभागात लावायचे, हा नियम १९४६ चा आहे. तो सक्तीने लागू असो वा नसो, मी तो पाळायला लावतो, कारण एकदा उलटतपासणीत काय झालं ते डोळ्यासमोरून जात नाही. दुसऱ्या एका युनिटचं प्रकरण. मॅनेजर साक्षीला उभे. समोरच्या वकिलांनी सह्यांचा तक्ता त्यांच्या हातात दिला. ४१ सह्या, एकच तारीख, एकाच निळ्या पेनाने. ‘हे पुस्तक वाचायला किती वेळ लागतो?’ मॅनेजर म्हणाले, दोन-तीन तास. ‘त्या दिवशी मशिन्स किती वेळ बंद होती?’ मॅनेजर गप्प. ‘एकविसाव्या नंबरची सही कुणाची?’ ती रजेवर असलेल्या माणसाची निघाली. पुढे त्या मॅन्युअलचं नावही कुणी काढलं नाही.

म्हणून नियम वीस पानांच्या आत, मराठीत, आणि तुमच्याकडे उत्तरेकडची पोरं असतील तर हिंदीतही. पाळी बदलताना रोज पंधरा मिनिटं मोठ्याने वाचा, आठवड्यात संपतात. कोणत्या दिवशी कोणतं पान वाचलं, कोण हजर होतं, कुणी काय विचारलं, याची वही ठेवा. सही प्रत्येकाची स्वतंत्र कागदावर, त्याच्या फाइलमध्ये, आवृत्तीचा क्रमांक आणि तारीख टाकून. वाचताना कुणी विचारलं की ‘साहेब, एसटी बंद पडली तर लेट मार्क लागणार का?’, तर तिथेच उत्तर द्या आणि ते उत्तर पुढच्या आवृत्तीत घाला. माझ्या पाहण्यातलं सगळ्यात चांगलं हजेरी धोरण अशा प्रश्नांमधूनच तयार झालंय. त्यात पालखीच्या दिवशी रस्ते बंद असतात त्याचासुद्धा नियम आहे.

राहिला व्हॉट्सॲपचा प्रश्न. पाठवा, जरूर पाठवा, निळ्या खुणांचे स्क्रीनशॉटही ठेवा. पण सोबतीला म्हणून, टपालाच्या जागी नाही. ऑपरेटर लोकांचे नंबर वर्षात दोनदा बदलतात आणि निम्म्यांचा फोन घरी पोराच्या हातात असतो. तुमच्या त्या ऑपरेटरला मात्र पत्र टाकण्याआधी आजच एक फोन लावा, तुम्ही स्वतः, एचआरवाल्या मुलाने नाही. त्याने उचलला तर कारण विचारा, वेळ आणि उत्तर वहीत लिहा, आणि तो ‘सोमवारी येतो’ म्हणाला तरी पत्र टाकाच.